फिनलंडचा खाजरा अळू

शनिवारी चित्रं बघायला गेले आणि तिथे मला चक्क अळू भेटला! सून हे टाइप करतेय आणि हसतेय... हसू दे. मी सांगते तस्संच लिही गं, मधे तुझं घालू नकोस.

तर झालं असं. अबुधाबीत फिनलंड देशाची जुनी चित्रं आली होती. माझी नात रेवा, वय वर्षं दहा. तिच्या आर्ट टीचरनं वर्गातल्या प्रत्येकाला एकेक चित्र वाटून दिलं होतं. त्याच्यासमोर उभं राहून दोन मिनिटं बोलायचं, तेही सगळ्यांच्या घरच्यांसमोर.

पोरगी पार घाबरली होती. मागे असेंब्लीत बोलायला उभी राहिली आणि तोंडातून शब्दच फुटला नाही... तेव्हापासून वर्गात हातसुद्धा वर करत नाही. मोहम्मद बिन झायद सिटीतल्या आमच्या घरापासून ती गाडीत पाठ केलेलं पुटपुटत होती, आणि माझा मुलगा पुढून "यल्ला, चल चल, लाऊडर!" करत होता. याला कोणी विचारलं होतं?

बाकीच्या मुलांना काय छान चित्रं! कुणाला घोडा, कुणाला होडीतली बाई. आमच्या रेवाच्या वाट्याला डबकं. काळं पाणी, चिखल आणि त्यात माजलेलं रान.

"आजी, इट्स जस्ट वीड्स," ती रडवेली होऊन म्हणाली.

मी जवळ गेले. तैलरंगात काढलेलं, पण असं हुबेहूब की पानावरचं पाणी पदरानं टिपावंसं वाटलं... तुकतुकीत, बदामाच्या आकाराची पानं, चिखलात आडवं सरपटणारं जाड मूळ, आणि मधेच एका पाकळीचं पांढरं फूल, आत पिवळट दांडा.

"अगं, हा तर रानअळू!" मी इतक्या मोठ्यानं म्हणाले की गार्ड धावत आला. हात लावत नव्हते हो, नुसतं बोट दाखवत होते. "आपोआप उगवलाय, म्हणजे खाजरा असणार. कच्चा खाल्लास तर घसा धरून बसशील."

"आई, फिनलंडमध्ये कुठला अळू? तिथे बर्फ असतो," इति आमचे चिरंजीव. इंजिनिअर आहे. अळू त्याला फक्त ताटात ओळखू येतो.

मागे एक उंच, पांढऱ्या केसांच्या बाई उभ्या होत्या. चित्रांबरोबर फिनलंडहून आलेल्या. आजी काय म्हणते, असं त्यांनी रेवाला विचारलं. तिनं चाचरत सांगितलं, तर बाईंचे डोळे हे एवढे झाले. खरंच ते अळूच्याच कुळातलं निघालं! कच्चं विषारी. पण त्यांच्याकडे दुष्काळात लोक हेच मूळ खणून काढायचे, सुकवायचे, दळायचे, पुन्हा पुन्हा उकळायचे आणि त्याची भाकरी करायचे.

"विचार त्यांना, घसा खाजायचा का?"

रेवानं विचारलं. बाईंनी दोन्ही हातांनी गळा धरून जीभ बाहेर काढली, आणि आम्ही दोघी हसत सुटलो.

"सांग, चिंच घालायची!"

"आजी, दे डोन्ट हॅव चिंच!"

"मग आमसूल."

तेवढ्यात टीचरनं रेवाचं नाव पुकारलं. ती उभी राहिली, एकदा चित्राकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. पाठ केलेलं सगळं सोडून म्हणाली, "माय ग्रँडमदर नोज धिस प्लांट."

मग काय थांबते! मूळ दाखवलं, भाकरी सांगितली, गळा धरून जीभसुद्धा काढून दाखवली. घोडावाल्या मुलानं विचारलं, सगळंच झाड खाल्लं तर काय होईल? हिनं त्यालाही उत्तर दिलं. शेवटी टीचरलाच हसत थांबवावं लागलं. माझा मुलगा मोबाइलवर सगळं रेकॉर्ड करत होता.

मला राहून राहून वाटतंय, हे मूळ पहिल्यांदा कुणी चाखलं असेल? पोरांना काहीतरी द्यायचं म्हणून कुणा बाईनं आधी आपला घसा खाजवून घेतला असेल, तिकडे बर्फात आणि इकडे आपल्या कोकणात. तिचं चित्र काही कुणी काढलेलं नाही. तिला माझा नमस्कार... शनिवारी माझी नात तिच्या जिवावर बोलली.