उभ्या गाडीचे तीस किलोमीटर

शिवप्पाची विजेवरची गाडी चालताना नव्हे, उभी असताना खर्च व्हायची. सकाळी चार्जिंग काढलं की पडद्यावर दोनशे किलोमीटर; दुपारी दोनला चांगुणाबाईंना मुखेडहून नांदेडला डायलिसिसला न्यायला निघावं, तर एकशे सत्तर. जाऊन-येऊन दीडशे. नांदेडात चार्जरला कायम रांग. मागच्या मंगळवारी परतताना गाडी मुंगीच्या पावलानं गावात शिरली होती. चौथीत त्याला पाढे शिकवलेल्या बाई मागं थकून पडल्या होत्या. आता एखाद्या दिवशी वाटेत बंद पडली तर?

लातूरच्या मेकॅनिकनं तिसऱ्यांदा तपासून सांगितलं, "बॅटरी ठणठणीत हाय काका. ऊन लई हाय."

ऊन होतंच. पावसानं दगा दिलेल्या वर्षाचा मे महिना, दिवसाआड टँकर. घरात लेक शिवगंगा वीस दिवसांची बाळंतीण. पत्र्याच्या खोलीत त्याच्या बायकोनं, महानंदानं, तिला रीतीनं ठेवलं होतं: कान बांधलेले, दार लावलेलं, खाटेखाली निखाऱ्यांचा शेक, पंखा बंद. "वारं अंगात शिरलं की जन्मभर कंबर धरून बसशील," ती लेकीला बजावायची. त्या खोलीत शिवप्पाचं काही चालत नव्हतं.

शुक्रवारी टँकर आलाच नाही. रिकाम्या घागरी घेऊन तो भर दुपारी परतला आणि लिंबाखालच्या गाडीचं दार उघडलं. आतून एसीचा गारवा अंगावर आला. मागच्या सीटवर कानाचा रुमाल सोडून शिवगंगा झोपली होती, बाळ छातीशी. इंजिनचा आवाज नाही, मग कळणार कुणाला?

ती दचकून उठली. "अप्पा, आईला सांगू नका. आत बाळ रडून रडून लाल व्हायलंय." मग घाईनं म्हणाली, "वारं न्हाई घेतलं मी. काचा बंदच होत्या."

पडद्यावर एकशे चौऱ्याहत्तर. निघायला तास होता. उतर म्हणायला त्यानं तोंड उघडलं. बाळाच्या मानेवरचं घामोळं मावळलेलं दिसलं. त्यानं दार अलगद लावलं.

दोनला त्यानं बाईंना सगळं सांगून टाकलं. "आज एसी लावता यायचा न्हाई, बाई. दुसरी गाडी बघून देऊ का?"

"पोरगी का पोरगा?"

"पोरगी."

"मग काचा खाली घे. मी काय बाळंतीण हाय, वारं लागायला?" बाई पदर सावरत बसल्या. "नवा जिल्हा होणार, दवाखाना जवळ येणार म्हणतात. तवर तुझीच गाडी. हळू चालव म्हणजे झालं."

त्यानं चाळीसच्या वर काटा नेला नाही. परतीला बाई ओला टॉवेल डोक्यावर घेऊन डोळे मिटून होत्या. त्यांच्या दारात गाडी थांबली तेव्हा पडद्यावर तेरा होते. उतरताना त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "पुरली की रे."

घरी महानंदा भाकरी थापत होती. "कळलं का बॅटरीचं?"

"कळलं," शिवप्पा म्हणाला. "ऊन लई हाय."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. वर न बघता म्हणाली, "मग गाडीत पाण्याचा तांब्या ठेवत जा. अंगावर पाजणारीला तहान लई लागती."