जावळाला मामा नको

माझं लग्न लागताना रीतीप्रमाणे मामा माझ्या पाठीशी उभा होता. मंगलाष्टकं चालू असताना त्याने माझ्या खांद्यांवर हात ठेवले आणि माझी दातखीळ बसली. बायकांनी कांदा फोडून नाकाशी धरला. "पोर उपाशी आहे," असं म्हणून सगळ्यांनी वेळ निभावून नेली. आईही तेच म्हणाली. तिला खरं कारण माहीत होतं.

वडील मी अगदी लहान असताना गेले. आई मला घेऊन सोलापुरात आपल्या भावाच्या आश्रयाला आली. मामा कचेरीत कारकून होता, पूजा झाल्याशिवाय पाणी न पिणारा, गल्लीत मान असलेला. मी आठ-नऊ वर्षांची झाल्यावर तो संध्याकाळी पाढे म्हणून घ्यायला मला माडीवर बोलवू लागला. तिथे तो जे करायचा ते मी इथे लिहीत नाही. लहान मुलीशी कुणी करू नये असं ते होतं आणि बरेच महिने चाललं, एवढं पुरे.

एकदा धीर करून मी आईला सांगितलं. ती ज्वारी पाखडत होती. सूप थांबलं.

"आणखी कुणाला बोललीस?"

"नाही."

"बोलूही नकोस. डोक्यावर छप्पर आहे ते त्याचं आहे."

सूप पुन्हा सुरू झालं. मला वाटलं, निदान माडीवर जाणं तरी आता सुटलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने मामाचा चहा माझ्याच हातात दिला आणि म्हणाली, "वर नेऊन दे." मामाने केलं ते मी विसरलेली नाही. पण त्या चहाचा सल त्याहून मोठा आहे.

सासरी आले तरी दुखणं सुटलं नाही. पाठीमागून कुणी आलं की हातपाय गार पडत, दातखीळ बसे. नवरा गिरणीच्या ऑफिसात होता, शांत माणूस. त्याने जवळ यावं आणि मी भिंतीकडे सरकावं, असं चालायचं. मुलगी झाल्यावर तर वाढलंच. तिच्या वडिलांनी तिला उचललं तरी मी हिसकावून घ्यायची. सासूबाई मंद्रूप गावच्या. त्यांनी अंगारे लावले, उतारे टाकले. शेवटी हे म्हणाले, "आता डॉक्टरीणबाईंना दाखवू."

"दाखवा की," सासूबाई म्हणाल्या. "सुईला भिऊन भूत पळतंय का बगू."

सोलापुरातला तीस सालचा मार्शल लॉ उठून दोन-तीन वर्षं झाली असतील तेव्हा. डॉक्टरीणबाई धारवाडकडच्या, आवाज जरबेचा. त्यांनी छाती तपासली, पोट तपासलं, आणि यांना बाहेर बसायला सांगितलं.

"पहिल्यांदा दातखीळ कधी बसली?"

"लग्नात. मंगलाष्टकांच्या वेळी."

त्यांनी हातातली नळी टेबलावर ठेवली. "पाठीमागे कोण होतं?"

एवढ्या वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, "मामा." मग पुढचं सगळं सांगितलं. त्या मध्ये बोलल्या नाहीत, तोंडाला पदरही लावला नाही.

"हे सोंग नाही आणि बाधाही नाही," त्या म्हणाल्या. "लहानपणी धसका घेतलास आणि तो तुला गिळायला लावला. दोष तुझा नाही, त्या माणसाचा आहे. मी बाळंतपणं करणारी बाई, मनाच्या दुखण्याचं फार शिकलेली नाही. पुण्याच्या एका डॉक्टरांना विचारून घेते. तोवर शनिवारी दवाखाना संपला की येऊन बसायचं आणि बोलायचं. आणि मुलीला त्या माणसापासून लांब ठेवायचं."

मी जाऊ लागले. सुरुवातीला नुसतीच बसून परत यायची. दुखणं काही जादूने गेलं नाही; काही गोष्टी आजही आहेत. पण दातखीळ कमी झाली, आणि एका शनिवारी घरी येऊन मी यांनाही सांगितलं. हे उठून माझ्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन आले. मग म्हणाले, "मला आधी का नाही सांगितलंस, असं विचारणार नाही."

मुलीला तिसरं लागलं तशी जावळाची गोष्ट निघाली. जावळ काढताना मूल मामाच्या मांडीवर बसवायचं. मला भाऊ नव्हता. आई मुद्दाम सांगायला आली.

"माझा भाऊ आहे की. त्याच्या मांडीवर बसवू. त्याचीही हौस आहे."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "आई, तुला माहीत आहे."

"इतकी वर्षं झाली. तो आता म्हातारा झाला."

"मी तुला सांगितलं होतं."

"म्हणून तर तुझं लग्न लवकर उरकलं! मी काहीच केलं नाही असं म्हणू नकोस."

"आणि माझ्या पाठीशी त्यालाच उभं केलंस."

"मग दुसरा मामा कुठून आणणार होते? लोकांनी विचारलं नसतं?"

मी सांगितलं, तू ये, त्याला आणू नकोस. तिने मान हलवली. मी तो होकार समजले.

जावळाच्या दिवशी दारात टांगा थांबला. आई उतरली, हातात खण-नारळाचं ताट. तिच्या मागून काठी टेकत मामा उतरला. मी उंबऱ्यात उभी राहिले.

"तू आत ये. मामा येणार नाही."

"भरल्या गल्लीत तमाशा करतेस?" ती पुटपुटली.

"तू येतेस का?"

मामा टांग्यावाल्याकडे बघत राहिला. आईने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. मग ताट उंबऱ्यावर ठेवलं, त्याच्या कोपराला हात दिला आणि त्याला परत टांग्यात चढवलं. मागोमाग स्वतः चढली. पुढे ती माझ्या घरी कधी आली नाही.

मी परसात गेले. न्हावी वस्तरा घेऊन खोळंबला होता. "मामा कुटं हायत?"

सासूबाईंनी दारातलं सारं पाहिलं होतं. त्यांनी मला काही विचारलं नाही, कधीच. न्हाव्यावर मात्र खेकसल्या, "तुला केस काडायचेत का मामा मोजायचेत? आई बसतीया घिऊन."

मी पाट ओढला, मुलीला मांडीवर घेतलं आणि म्हटलं, "करा सुरू."