मल्लीच्या बरगडीवरचं कुंकू

आपली काळजी करायला कुणाला सवड नसेल तर ती माझ्या धाकट्या दिरांकडे द्यावी. सगळ्या तंजावराची करून वर पुन्हा स्वतःची करतील, असा हा माणूस. डोसा उलटताना फाटला तरी उठून गॅसची नळी तपासतात. पण खरी काळजी मल्लीची. मल्ली म्हणजे त्यांची म्हातारी घोडी. ऐन उमेदीत नवरदेव मिरवले तिनं. आता राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत, परसातल्या नारळाखाली उभी असते.

रोज सकाळी कॉफीच्याही आधी भावजी तिच्या खांद्याशी गाजर धरायचे नि हळूहळू मागे न्यायचे. पाय न हलवता मल्लीनं मान वळवायची. नाक पोचेल तिथं बरगडीवर कुंकवाचं बोट. तरणी होती तेव्हा मांडीवरची माशी तोंडानं हाकलायची हो! वर्षं गेली तसं कुंकू खांद्याकडे सरकत आलं. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "वयानं मानेचे सांधे आखडतात सार, माणसासारखेच. ओढू नका. खाणं जरा उंचावर ठेवा." भावजींनी त्याच दिवशी माझा पूजेचा चौरंग नेऊन त्यावर घमेलं मांडलं. खाली चौरंग, अंगावर कुंकू. शेजारची तमिळ आजी, आमची पाटी, येताजाता मल्लीला हात जोडायला लागली. नमस्कार कुणाचा वाया जातो?

पण यंदा आडी महिन्यात, म्हणजे आषाढाच्या सुमारास, नाक कालच्या खुणेच्या एकदम दोन बोटं अलीकडे थांबलं, नि भावजी जेवेनात. "वहिनी, उद्या घमेल्यापर्यंतसुद्धा मान गेली नाही तर ती खाणार कशी?"

"अहो, तुमची तरी कुठं वळते? हाक मारली की अख्खे फिरता, देवळाच्या रथासारखे."

हसले नाहीत. मग मलाच झोप लागेना. सकाळी ते अंघोळीला गेल्यावर मी कालचं कुंकू पदरानं पुसलं नि चार बोटं खांद्याकडे नवं लावलं. मल्लीचं नाक खूण ओलांडून गेलं. "पोचली, वहिनी, पोचली!" त्या दिवशी सहा इडल्या खाल्ल्या भावजींनी. मग काय, रोजच माझं हे चोरकाम.

परवा मला ताप होता, उठवेना. खिडकीतून पाहिलं, तर भावजी स्वतःच कुंकू पुसून अलीकडे लावत होते. माझी चाहूल लागली तसे अख्खे वळले.

"तुम्ही पडून होतात ना, वहिनी. म्हणून आज मीच लावलं."

मग गाजर धरलं, अगदी खांद्याशी, नि हळूच विचारलं, "पोचतेय ना हो?"

"पोचतेय," मी म्हटलं.