सात नंबरची एकेचाळीस कार्डं

“कोपरा सोडा! आधी तो कोपरा सोडा!”

दामू असा ओरडला, की मी पाट, चहाची कपबशी आणि नव्या जावयाचा रुबाब असं तिन्ही एकदम सोडलं. मला वाटलं, कोपऱ्यात नाग निघाला. सिद्धगडाच्या कड्यावरून धोंडा सुटावा तसा त्याचा आवाज. गोठ्यातले बसलेले बैलसुद्धा उभे राहिले. माझा गुन्हा एवढाच, की फळीवरचं पत्त्याएवढं एक कार्ड मी दोन बोटांत उचललं होतं. विहिरीच्या काठावरून तान्हं मूल उचलावं तसं त्याने ते माझ्या हातातून काढून घेतलं.

हा दामू माझा साडू. माझ्या बायकोची थोरली बहीण सुमनताई, चांगली नववी शिकलेली, शेणव्याला याच्या घरी दिलेली. सासऱ्यांनी मुलगा न बघता त्याचे बैल बघून होकार दिला असावा, असा माझा कयास आहे. दामूचा धंदा बैल घेण्या-विकण्याचा. बैलाच्या जबड्यात अंगठा घालून तो त्याचं वय, स्वभाव आणि मागच्या मालकाची दानत सांगत असे. माणसाच्या तोंडाकडे मात्र त्याने कधी फारसं बघितलं नाही.

नव्वदच्या आसपास ग्रामपंचायतीच्या टीव्हीवर त्याने हॉकीची एकच मॅच बघितली. तीही अर्धी, कारण वीज गेली. पण वीज जायच्या आत पाठीवर सात नंबर असलेला एक खेळाडू या टोकापासून त्या टोकाला चेंडू घेऊन गेला आणि दामू कायमचा कामातून गेला. “काय चाल हाय! जू नाय, कासरा नाय, आनि बघा कसा सरळ जातो,” हे वाक्य मी पुढे बारा वर्षं, प्रत्येक सणाला, जेवणाच्या ताटावर ऐकलं.

त्या काळी चघळायच्या गोळीच्या पुड्यात खेळाडूंची कार्डं येत. सगळ्या पंचक्रोशीला क्रिकेटवाले हवे असत, हॉकीवाला निघाला की लोक तो टपरीसमोर फेकून देत. दामू ते वेचायचा. वेचून पुरेनात म्हणून स्वतः गोळ्या चघळायला लागला. इतक्या चघळल्या, की त्याच्याकडे बघून गोठ्यातल्या बैलांनी लाजून रवंथ बंद केलं. अशी एकेचाळीस कार्डं जमली. एकेचाळीस खेळाडू नव्हेत, एकच फोटो एकेचाळीस वेळा: खाली वाकून धावणारा गडी, चेहरा जवळजवळ नाहीच, पाठीवर सात.

बरं, जमवून गप्प बसावं, तर याने त्यांची प्रत लावली, आणि ती बैलांच्या दातांवर. चारही कोपरे धारदार असतील तर कार्ड अदात, म्हणजे कोवळं, दुधाच्या दातांचं. एक कोपरा झिजला की दोनदाती, दोन झिजले की चारदाती, तीन झिजले की सहादाती, चारही गेले की जुळलेलं, म्हातारं. स्वतःला शंका आली की तो म्हसा गावचा एक जुना हेडी, म्हणजे बैलांचा दलाल, बोलावून घेई. बाजारात बैलाचा सौदा करतात तसे दोघे घोंगडीवर बसून रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबत, मिशीतल्या मिशीत हसत आणि एका कागदाच्या तुकड्याचे दात ठरवत. मी शहापूरच्या कचेरीतला कारकून, इंग्रजी अर्ज हाताळणारा माणूस. ते कार्ड मी कधी नीट बघितलंही नाही. हसायला नीट बघावं लागत नाही.

एकेचाळिसात अदात एकच. ते पानाच्या डब्यात कापसावर निजे. “ह्याच्यावर त्याची सही घेनार. तवर कोनी हात लावायचा नाय,” असं त्याने तालुक्यातल्या प्रत्येक माणसाला आणि बहुतेक प्रत्येक बैलाला सांगून ठेवलं होतं.

आणि तो खेळाडू खरोखरच आला. निवृत्त होऊन मुरबाडला कुठल्याशा स्पर्धेचा पाहुणा म्हणून, नेमका म्हशाच्या जत्रेच्या भर बाजाराच्या दिवशी. वर्षाचा धंदा ज्या दिवसावर, त्या दिवशी दामूने बैलजोडी सुमनताईच्या हवाली केली आणि धुतलेला सदरा घालून मुरबाडला गेला. मीही गेलो. अशी करमणूक कोण सोडतो?

मैदानावर अर्धं गाव दामूच्या मागे. दामूने डबा उघडला आणि कोपऱ्यांना बोट न लावता कार्ड पुढे केलं. पाहुण्याने कार्ड उन्हात धरलं, हसला आणि अगदी सावकाश म्हणाला, “ये मैं नहीं हूँ, दादा. मुझसे पहले सात नंबर इनका था.”

हशा उठला. सगळ्यात मोठा माझा. बारा वर्षांचा साठवलेला होता. पाहुणा बिचारा ओशाळला, खिशातलं पेन काढून म्हणाला, लाओ, फिर भी लिख देता हूँ. दामूने कार्ड मागे घेतलं.

“नको साहेब. दुसऱ्याच्या जनावरावर आपली खूण घालायची नाय.”

एवढं बोलून त्याने ते पुन्हा कापसावर ठेवलं, झाकण लावलं आणि चालायला लागला. लोकांचं हसू थांबलं. कशाला थांबलं, कोण जाणे. मला तर भयंकर राग आला.

ही बातमी सुमनताईला त्याच्या आधी मी सांगायची, या एका विचाराने मी मिळेल त्या जीपच्या मागे लोंबकळत म्हसा गाठलं. बैलांच्या रांगेत ती दोन कासरे हाताला गुंडाळून उभी होती, सकाळपासून जेवलेली नव्हती. मी धापा टाकत सगळं सांगितलं. एकेचाळीस कार्डं, बारा वर्षं, सगळी भलत्याच माणसाची! पुन्हा हसण्यासाठी मी तिच्या तोंडाकडे बघत थांबलो.

तिने बैलाच्या पाठीवरची माशी हाकलली.

“म्हायती हाय मला, भावोजी. खाली इंग्रजीत नाव लिवलाय त्याचा.”