बोंबलांमागचा कॅमेरा

मला भीती वाटली की मी भांडी घासायला घेते. स्वच्छ असली तरी घासते. त्या रविवारी सकाळी एकच कुकर तीन वेळा घासला, तेव्हा शेजारीण खिडकीतून म्हणाली, आज पाहुणे येणार वाटतं. कसले पाहुणे आणि कसलं काय! माझ्या मूर्खपणामुळे साठी ओलांडलेली एक बाई नायगावला खाडीकाठच्या घरात एकटी होती आणि तिचा फोन लागत नव्हता. तो का लागत नसेल याचे एकाहून एक वाईट विचार माझ्या डोक्यात येत होते.

सुरुवातीपासून सांगते. आठवडाभर मी दातांच्या दवाखान्यात बसते, अपॉइंटमेंटी लिहिते आणि घाबरलेल्या माणसांना 'काही दुखत नाही हो' असं खोटं सांगते. रविवारी इथल्या कलाकारांच्या मुलाखती घेऊन यूट्यूबवर टाकते. वसई-विरारमध्ये कलाकार पायलीला पन्नास, पण त्यांना विचारतंय कोण? आमच्या मनवेलपाड्यातला एक इलेक्ट्रिशियन रॅप करतो, त्याच्यापासून मी सुरुवात केली. राजोडीला होडीच्या जुन्या फळ्यांवर चित्रं काढणाऱ्या एका बाईंनी तासभर चित्रांऐवजी जावयाचीच गाऱ्हाणी सांगितली. ती मी सगळी ठेवली आणि लोकांना फार आवडली. माझा चेहरा कुठेच दिसत नाही. प्रश्न विचारणारा आवाज तेवढा माझा.

माझी एक युक्ती होती आणि तिचा मला भारी अभिमान होता. प्रश्न संपले की मी मोठ्याने 'झालं!' म्हणायची, माइक काढून घ्यायची, पण कॅमेरा चालूच ठेवायची. त्याच्या लाल दिव्यावर काळी चिकटपट्टी लावलेली. मग चहा येतो, माणूस सैल होतो आणि तासभरात जे बोलला नाही ते पाच मिनिटांत बोलून जातो. माझ्या व्हिडिओंमधला सगळ्यात चांगला भाग नेहमी चहाच्या वेळचा असायचा.

तर मुलाखतीसाठी मला नायगावचा एक दिग्दर्शक मिळाला. वय तिशीच्या आसपास, लग्नाच्या व्हिडिओंवर पोट भरणारा आणि उरलेल्या वेळात स्वतःच्या फिल्म करणारा. त्याने खाजणावर पंचवीस मिनिटांची फिल्म केली होती. भरतीचं पाणी जिथे यायचं त्या जमिनीत डंपरमागून डंपर राडारोडा टाकतायत आणि दर महिन्याला पाणी थोडं थोडं मागे सरकतंय, एवढंच त्या फिल्ममध्ये आहे. पण एकदा बघायला घेतली की सोडवत नाही. भराव टाकणाऱ्यांनी आजूबाजूच्या सगळ्या घरांत चौकशी केली होती, की हे शूटिंग कुठून केलं? कोणाला पत्ता लागला नव्हता.

मीही त्याला तेच विचारलं. आम्ही त्याच्या मावशीच्या ओट्यावर बसलो होतो. तो मुंबईच्या मराठीत, मध्ये मध्ये इंग्रजी घालत, नीट विचार करून बोलत होता. म्हणाला, "ते नाही सांगणार. ज्यांनी जागा दिली त्यांना इथेच राहायचंय."

काय वाक्य होतं! मी ते व्हिडिओच्या अगदी सुरुवातीला लावलं.

मग मी 'झालं!' म्हटलं आणि मावशी चहा घेऊन आली. कप हातात देता देता तिने विचारलं, "कोनाची गं तू?"

मी म्हटलं, मनवेलपाड्याला राहते.

"घर नाय इचारलं. कोनाची ते इचारलं."

मी हसले. हा प्रश्न मी लहानपणापासून ऐकत आलेय. आमच्याकडे याचं उत्तर पत्ता नसतो, आईचं गाव असतं. मी आईचं गाव सांगितलं, मामाचं घर कोणतं ते सांगितलं. मावशीने तोंडाला हात लावला. त्या घरातल्या म्हातारीबरोबर ती मिठागरात कामाला जायची. मग काय, खुर्चीवरून उठवून तिने मला शेजारी जमिनीवर बसवलं, तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी आणून पुढ्यात ठेवली आणि घरच्या बोलीत तिचा पट्टा सुरू झाला.

भाचा नको नको म्हणत होता, पण फारसं जोरात नाही. त्यालाही हसू येत होतं. मावशी सांगत होती की गच्चीवर दोरी बांधली, दोरीला बोंबील टांगले, बोंबलांमागे जुनं लुगडं सोडलं आणि लुगड्याला रुपयाएवढं भोक पाडलं. भोकामागे हा नाकाला रुमाल बांधून बसायचा. खालून भराववाल्यांचं माणूस वर बघायला लागलं की मावशी उठून कावळे हाकलायची. एकाने तर बोंबील मागितले, तिने चार दिले. सांगता सांगता तिला इतकं हसू आलं की पदर डोळ्यांना लावावा लागला.

हे सगळं माझ्या कॅमेऱ्यात गेलं. सुरुवातीची गाव-घराची ओळख लांबतेय म्हणून कापली, बाकी मी ते जसंच्या तसं व्हिडिओच्या शेवटी लावलं.

लोक विचारतात, तुझी अक्कल कुठे गेली होती? खरं सांगते, मी नुसते शब्द ऐकत होते. आईच्या तोंडची बोली इतकी गोड, इतकी सलग मी किती वर्षांनी ऐकली होती. ही बोली टिकली पाहिजे, बाहेरच्यांना कळली पाहिजे, असं माझ्या डोक्यात भरलं होतं. म्हणून खाली प्रमाण मराठीत सबटायटल दिली. त्यातल्या एका शब्दाला मराठीत काय म्हणावं यावर अख्खी संध्याकाळ घालवली. बाई काय सांगतेय, तिकडे लक्षच नाही. घरच्या बोलीत बोललेलं घराबाहेर न्यायचं नसतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही शिकवावं लागत नाही. मावशी माझ्याशी त्या बोलीत बोलली कारण तिने मला घरातली धरलं. आणि मी काय केलं? भरावाच्या शेठला आमची बोली येत नव्हती. त्याची ती अडचण मी दूर केली.

शनिवारी मी व्हिडिओ टाकला. रविवारी सकाळी त्या दिग्दर्शकाचा फोन. तो लग्नाच्या कामासाठी नाशिकला होता, मागे सनई वाजत होती.

"काढ ते," तो म्हणाला.

मी विचारलं, काय काढू?

"शेवटचं. मावशीचं."

आणि मग मला पहिल्यांदा त्या बोलण्याचा अर्थ ऐकू आला. पाचावर धारण बसली माझी. मी तिथल्या तिथे व्हिडिओ काढून टाकला, पण तोवर त्यातलं मावशीचं चित्र, खाली माझ्या सबटायटलसकट, लोकांच्या मोबाइलवर फिरत होतं. मावशीचा फोन लागत नाही, शेजारची सगळी हळदीला गेलीयत, आपल्याला पोचायला संध्याकाळ होईल, असं तो म्हणाला. मला जा असं तो म्हणाला नाही. कुकर तिसऱ्यांदा घासून झाल्यावर मीच निघाले.

मी शूर वगैरे नाही. नायगावला उतरल्यावर मी उसाचा रस प्यायले, तोही तहान नसताना, केवळ दहा मिनिटं उशीर व्हावा म्हणून. रिक्षात बसल्यावर वाटलं, रिक्षा बंद पडली तर बरं. मेली कधी नाही ती सुसाट गेली.

फाटक सताड उघडं होतं. ओट्यावर बोंबील विखुरलेले, एक मांजर आरामात बसून खात होतं. दार उघडं. मी हाक मारली. पुन्हा मारली. बाहेरच्या जिन्याने वर जाताना मी एकेका पायरीवर देवाला काय काय कबूल केलं, ते इथे लिहीत नाही, अजून फेडायचंय.

मावशी गच्चीवर उकिडवी बसून बोंबील टोपलीत गोळा करत होती. दोरी कापलेली होती आणि लुगडं नव्हतं. तिला काही झालेलं नव्हतं. मी शेवटच्या पायरीवर बसले आणि रडायला लागले.

तिने वर बघितलं. "या," ती म्हणाली. "खाली चला. खुर्ची देते."

या! खुर्ची देते! मीटर बघायला येणाऱ्या माणसाशी बोलावं तसं शाळेतलं, स्वच्छ मराठी. मी कितीही आमच्या बोलीत बोलले तरी तिचं 'अहो-जाहो' हललं नाही. खाली ओट्यावर खुर्चीत बसवून तिने शांतपणे सांगितलं की सकाळी दोघं आले होते. फोन त्यांनी काढून घेतला. त्याआधी स्वतःच्या मोबाइलवर तिलाच तिचं चित्र दाखवलं आणि खाली काय लिहिलंय ते वाचायला सांगितलं.

"मला वाचता येत नाही, तर त्यांनीच वाचून दाखवलं," ती म्हणाली. "तुम्ही लिहिलेलं."

मुलाखत घेणारी बाई कोण, असंही त्यांनी तिला दोन-दोनदा विचारलं होतं. ती म्हणाली होती, भाचा शंभर माणसं आणतो, मी काय नावं लिहून ठेवते? जाताना त्यातल्या एकाने फक्त एवढंच विचारलं होतं, की एकट्याच असता ना, मावशी? तिने ते वाक्य मला सांगितलं आणि पदराने हात पुसत बसली. हात कोरडेच होते.

मी माफी मागायला तोंड उघडलं तेवढ्यात फाटकाशी मोटारसायकल थांबली.

मावशीने टोपली माझ्या हातात कोंबली. "तोंड उघडू नका," ती पुटपुटली. त्याबरोबर माझ्या लक्षात आलं की चेहरा कोणी पाहिलेला नसला, तरी माझा आवाज त्यांनी ऐकलाय.

या वेळी एकटाच आला होता. माझ्याच वयाचा असेल. ओट्यावर चढण्याआधी त्याने चपला काढल्या, आणि का कोण जाणे, मला सगळ्यात जास्त भीती त्या चपला काढण्याची वाटली. फोन परत आणला होता. तो त्याने पुढे केला आणि बोलायला लागला तर बोली आमचीच. शेजारच्याच कुठल्या तरी गावचा असणार. भाच्याला सांग, म्हणाला, ती फिलिम सगळीकडून निघाली पाहिजे, आणि गच्चीवर परत दोरी दिसता कामा नये. मग त्याने माझ्याकडे बघितलं.

"ही कोन?"

"सुकट न्यायला आलीय," मावशी म्हणाली. "विरारची हाय. आमचं बोलनं समजत नाय तिला."

तो दोन पावलं जवळ आला. अंगाला डिझेलचा वास येत होता. हळूच, जवळजवळ प्रेमाने त्याने विचारलं, "कोनाची गं तू?"

आईचं गाव माझ्या जिभेवर आलं होतं. त्या प्रश्नाला तेच येतं, विचार करावाच लागत नाही. मामाचं घर, आजीचं नाव, सगळं ओठांशी येऊन उभं राहिलं. मी ते गिळलं.

"मनवेलपाड्याला राहते," मी म्हणाले. भीतीने घसा असा बसला होता की तो आवाज माझा मलाच ओळखू आला नाही.

आपल्यातली कोणी पत्ता सांगत नाही, आणि ते शोधत होते ती बाई आपली बोली कळणारी होती. त्याचा माझ्यातला रस तिथेच संपला. मी मावशीकडे बघितलं. त्या दिवशी याच ओट्यावर, याच उत्तरावर तिने मला क्षणात टोकलं होतं. आज टोकलं नाही. ती तागडी घेऊन आली आणि सुकट मोजायला लागली. तो चपला घालून गेला आणि जाताना फाटक नीट ओढून घेतलं.

संध्याकाळी भाचा आला. माझ्याशी एक शब्दही न बोलता त्याने मावशीची पिशवी भरली आणि तिला तिच्या मुलीकडे पोचवलं. मावशी लग्न होऊन आल्यापासून त्या घराला पहिल्यांदा कुलूप लागलं, हे नंतर मला कोणाकडून तरी कळलं. त्याने फिल्म सगळीकडून काढली.

मी घाबरून दोन महिने एकही मुलाखत घेतली नाही. खरा पत्ता सांगून आले होते ना मी शहाणी! गल्लीत मोटारसायकल थांबली की कुकर घासायला घ्यायची. आता पुन्हा घेते मुलाखती, पण 'झालं' म्हटल्यावर कॅमेरा बंद करते आणि समोरच्याला बंद झालेला दाखवते. काळी चिकटपट्टी केव्हाच काढून टाकली. चहाच्या वेळी काय काय सुंदर बोलतात लोक, ते ऐकते आणि तिथेच सोडून येते.

मावशी सहा आठवड्यांनी घरी परतल्याचं कळलं. आता धाकटी जाऊ सोबत असते. फिल्म निघाली म्हटल्यावर ते लोक परत आले नाहीत. समोर खाजणाच्या जागी सपाट जमीन झालीय आणि तिला पत्र्याचं कुंपण घातलंय.

गेल्या महिन्यात धीर करून गेले. भर दुपारची वेळ, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, जाऊबाई आत झोपलेली. काय बोलायचं ते मी आमच्या बोलीत वाटभर घोकत आले होते. मावशी दाराशी आली. मला तिने ओळखलं, डोळ्यांत दिसलं मला. मग तिने रस्त्याच्या दोन्ही टोकांना बघितलं. कोणी नव्हतं.

"काय देऊ?" तिने विचारलं.

मी म्हणाले, "पाव किलो सुकट द्या."