शेवटच्या थांब्याचं तिकीट

परभणी जिल्ह्यात जेवढे प्रश्न आहेत त्यातले निम्मे आमच्या हिच्या मामांना पडलेले आहेत, आणि उरलेले निम्मे त्यांच्या कानावर अजून गेलेले नाहीत एवढंच. सगळी हयात भूगोल शिकवण्यात गेली, पण वर्गात कुणा पोरानं त्यांना काही विचारल्याचं ऐकिवात नाही. पोरांची पाळीच आली नसावी. लग्नाला गेले की आचाऱ्याला भट्टीचं तोंड ह्याच दिशेला का, म्हणून विचारतील. दवाखान्यात गेले की डॉक्टरांचं पोट कसं आहे याची चौकशी करतील. एकदा मामा आणि मी चुडाव्याला एका साखरपुड्याला निघालो होतो. स्टेशनवर एक बाकडं रुळांकडे पाठ करून ठेवलेलं त्यांना दिसलं आणि त्यांनी हमालाला गाठलं. हमालालाही ते कोडं पडलं. दोघं बाकड्याभोवती फिरत होते, तेवढ्यात गाडी आली आणि गेली. "गाडी काय, दुपारी दुसरी हाय," मामा म्हणाले, "पण ह्याच्यावर बसून माणूस बघत काय असंल, जावईबापू?"

अशा माणसाच्या गावात नगरपालिकेनं बसचं टेंडर काढावं, म्हणजे आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन. गाव वाढत वाढत रेल्वे फाटकाच्या पलीकडे गेलं होतं आणि तिकडच्या वसाहतींसाठी बस हवी होती. पालिकेला स्वतः बस चालवणं जमणारं नव्हतं, म्हणून ठेकेदार नेमायचा. आता असल्या मार्गावर तिकिटाच्या पैशात डिझेलसुद्धा सुटत नाही. तेव्हा दर फेरीमागची तूट पालिकेनं भरून द्यायची, आणि जो सगळ्यात कमी तूट मागेल त्याला ठेका. हे सगळं मला मामांनीच समजावलं, तेही जेवणाचं ताट बाजूला सारून. "म्हणजे बघा, हितं जो कमी मागतो तो जिंकतो. असं दुसरीकडं कुठं पाहिलंत तुमी?" मी पाहिलं नव्हतं. लग्नाच्या बैठकीत तर नाहीच नाही.

नुसती चौकसबुद्धी असती तर वेगळं होतं, पण मामांना ती बस हवीच होती. त्यांची थोरली बहीण, आमच्या अक्का, फाटकापलीकडच्या अगदी शेवटच्या वसाहतीत राहतात. मुलगा-सून दिवसभर नोकरीवर. अक्कांचे गुडघे गेलेले, फाटकापर्यंत चालवत नाही, आणि एकट्या म्हातारीसाठी तिकडं यायला रिक्षावाला तयार नसतो. गावातल्या मंदिरात रोज दुपारी बायकांचं भजन असतं. तिथं पहिली ओळ अक्कांनी उचलायची आणि बाकीच्यांनी मागून म्हणायची, अशी वर्षानुवर्षांची रीत. ती मोडली होती. "आता मी टाळ वाजवायले अन् भिंत ऐकायली," असं त्या हसून सांगायच्या. ते हसणं मामांना बघवत नसे.

टेंडर भरण्याआधी पालिकेत एक बैठक होते. इच्छुकांनी आपापल्या शंका तिथं विचारायच्या असतात. मामा पहिल्या रांगेत जाऊन बसले. तुम्ही ठेकेदार आहात का, असं साहेबांनी विचारलं, तर म्हणाले, "न्हाई. पण माझ्याइतका इच्छुक ह्या खोलीत कोण हाय?" मग त्यांनी शंका काढली. बस वाटेत बंद पडली आणि दुसऱ्या बसनं ओढून आणली, तर फेरी एक धरायची की दोन? साहेबांनी चष्मा काढून पुसला. आता इथला कायदा असा की शंका रास्त असेल तर लेखी उत्तर द्यायचं, त्यापायी अट बदलली तर ती सगळ्यांना कळवायची आणि मुदत वाढवायची. मुदत वाढली. पुढच्या बैठकीत मामांनी विचारलं, बाजारच्या दिवशी कुणी बकरी घेऊन चढलं तर तिच्या तिकिटाचा पैसा ठेकेदाराचा की पालिकेचा? मुदत पुन्हा वाढली. ठेकेदार कंटाळले आणि पुरेशा निविदाच आल्या नाहीत, म्हणून टेंडर नव्यानं काढावं लागलं. तिकडं अक्का विचारायच्या, "बस कवा येनार रे?" मामा सांगायचे, "जरा शंका निघायल्यात." कुणाच्या, हे मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही.

शेवटी साहेबांनी त्यांना चहाला बोलावलं आणि हात जोडले. "गुरुजी, एक बैठक गप बसा. बस येते."

त्या बैठकीला मी मामांना घेऊन गेलो. दोन्ही गालांत सुपारी भरून ते बसले होते. मधेच अर्धवट उठले, तेव्हा मी सदरा धरून खाली ओढलं. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. मला खरंच त्यांची दया आली. बाहेर आल्यावर विचारलं, एवढं काय अडलं होतं? सुपारी थुंकून म्हणाले, "शेवटच्या थांब्याला उतरणारं बसमदी कुणीच नसलं, तर बस तिथवर जाणार का फाटकापासूनच वळणार?" मी पोट धरून हसलो.

बस आली. नारळ फुटला, पेढे वाटले. आणि आठ-दहा दिवसांत बस फाटकापासूनच वळायला लागली. पैसे फेरीचे, मग रिकाम्या रस्त्यावर डिझेल कोण जाळणार? उतरायला कुणी असेल तरच पुढं जायचं, हे नियमात बसत होतं, कारण नियमाला तसं कुणी विचारलंच नव्हतं. आता शंका काढायची तर पुढच्या टेंडरची वाट बघायची. अक्का थांब्यावर उभ्या राहून घरी परतायच्या.

मामांनी मात्र वाट पाहिली नाही. ते रोज दुपारी स्टँडवर बसमध्ये चढून शेवटच्या थांब्याचं तिकीट काढू लागले. उतारू आहे म्हटल्यावर बसला जावंच लागे. तिथं अक्का चढत, आणि मामा खाली न उतरता तसेच त्यांच्यासोबत माघारी येत.

मागच्या महिन्यात मामांना ताप आला. अंगात कणकण असताना माझ्या हातावर सुटे पैसे ठेवून म्हणाले, "शेवटचा थांबा सांगा. फाटकाचं तिकीट घेऊ नका." मी गेलो. लिंबाखाली अक्का पिशवी धरून उभ्या होत्या. मला बघून गोंधळल्या. "तुमी कसे? तो कुठाय?" मी सगळं सांगून टाकलं. त्या चढून खिडकीशी बसल्या. बस फाटकाशी आली.

"मला वाटायचं, रिकामा हाय, करमत न्हाई, म्हनून येतो," त्या म्हणाल्या. पदरानं तोंड पुसलं. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "जावई, मला कळलंय म्हनून त्याला सांगू नका. इचारत बसंल, कुनी सांगितलं, कवा सांगितलं. अन् मग माज्याशेजारी बसायला लाजंल."

मी सांगितलेलं नाही. मामा आता बरे आहेत, आणि दुपारी स्टँडवर असतात.