चूलबंद आवतण

रंजिता भोपी पनवेलच्या एका विद्यापीठाच्या कँपसवर करिअर कक्षाची समन्वयक होती. म्हणजे रिकाम्या खुर्च्यांना पाहुण्यांची ओळख करून देणं, हे तिचं मुख्य काम. व्याख्यानं चांगली असत, कार्यशाळा त्याहून चांगल्या. पोस्टर लागे, ग्रुपवर निरोप जाई, त्याखाली सगळे अंगठे दाखवत, आणि प्रत्यक्षात हॉलमध्ये येई कोण, तर ऑफिसातला स्टाफ, तोही एसीच्या गारव्याला. आसपासच्या गावांतल्या विद्यार्थिनी तर फिरकतही नसत.

शेवटी संचालक निनाद सरांनी तिला बोलावून सांगितलं, "रविवारची कार्यशाळा शेवटची. हॉल भरला नाही तर पुढचं सगळं ऑनलाइन."

सर चुकीचं बोलत नव्हते, म्हणून तर रंजिताला जास्त राग आला. गावातल्या घरात ऑनलाइन म्हणजे काय, ते तिला पक्कं ठाऊक होतं. पोरगी कानात वायर घालून ऐकायला बसणार आणि आतून हाक आली की उठून भाकऱ्या थापायला जाणार. ती स्वतः बी.कॉम. होऊन माहेरी कितीतरी वर्षं अशीच बसली होती. बाप वाईट नव्हता. मुलीची नोकरी म्हणजे नक्की काय, हे त्याला कधी कुणी सांगितलंच नव्हतं, मग नाही म्हणून मोकळं होणं सोपं होतं. लग्न होऊन सुकापूरला आली तेव्हा तिला घराबाहेर काढलं ते सासूने, भामाबाईंनी. अक्षरशः दारापर्यंत ढकलत नेऊन.

त्या सासूलाच तिने हाताशी धरलं. रविवारच्या पाहुण्या बंदराकडच्या एका मालवाहतूक कंपनीतल्या मोठ्या अधिकारी होत्या आणि प्रशिक्षणासाठी मुली तिथल्या तिथे निवडणार होत्या. रंजिताला तयारीतून मान वर करायला फुरसत नव्हती.

"आई, आपल्या गावात कॉलेजच्या मुली आहेत ना, त्यांना नुसतं सांगून याल?"

"नुसता सांगून कोन येतो? आवतण द्यावा लागतं," भामाबाई म्हणाल्या. "तू तुजा काम बघ. मी बघते माजा."

आणि त्यांनी ते आपल्या रीतीने बघितलं. कुंकवाचा करंडा घेऊन त्या घरोघर फिरल्या. प्रत्येक दारात कुंकू लावून सांगितलं, "रविवारी आमचे सुनेचा कार्य हाय कालेजान. चूलबंद या." चूलबंद म्हणजे त्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही, लहानथोर सगळ्यांनी जेवायलाच यायचं. असं आवतण मोडायची गावात कुणाची छाती नाही.

रविवारी सकाळी कँपसच्या फाटकात टेम्पो, रिक्षा, मोटारी यांची रांग लागली. नव्या साड्या, गजरे, ठसठशीत सोनं, कडक इस्त्रीचे पांढरे शर्ट. हॉल भरला, जिने भरले, आणि भिंतीला टेकूनसुद्धा माणसं उभी राहिली. निनाद सरांनी घाम पुसत विचारलं, "रंजिता, लग्न कुणाचं आहे?" तिला जमीन दुभंगावी असं झालं. तेवढ्यात गावातले बळीराम ठाकूर पुढे आले आणि अदबीने म्हणाले, "सूनबाय, पंगत कंचे बाजूला?"

कँटीनवाल्याने हात वर केले. भामाबाईंनी पदर खोचला. गावात हळदी-लग्नाचं जेवण रांधणाऱ्या बायका त्यांच्यामागे कँटीनमध्ये शिरल्या आणि वाण्याकडे तांदूळ-डाळीचा फोन गेला. "तवर तुजा भाषान उरकून घे," सासूने सुनेला बजावलं.

पाहुण्याबाई कसलेल्या होत्या. समोर आई-बाप, आज्या आणि कडेवरची पोरं बघून त्यांनी पडद्यावरची चित्रं बंद केली आणि सरळ बोलू लागल्या. सकाळी किती वाजता निघायचं, काम काय, पगार केव्हा. लोक लक्ष देऊन ऐकत होते. मग बळीरामांनी हात वर केला आणि मागे बसलेल्या दिपिकाने मान खाली घातली. दिपिका त्यांची थोरली. त्यांच्या जमिनीवर इमारत उभी राहून पैसा आल्यापासून 'माजे पोरीला काय कमी हाय' हे बळीरामांचं एकच पालुपद होतं.

"रातचे पाळीला पोरींना घराशी सोडाला गाडी येते?"

"येते. सोबत महिला रक्षकही असते."

"वर साहेब कोन? बाय का बाप्या?"

"मीच," बाई हसून म्हणाल्या.

बळीरामांनी मान डोलावली. "मना वाटला व्हता, नोकरी म्हंजे पोर परक्याचे दारान पानी भराला जाते. आमाला कोनी इचारलाच नाय कवा, कोनी बोलावला बी नाय." मग ते मागे वळले. "दिपिका, उठ. बाय, हिचा नाव पयला लिवा."

दिपिका उठली ती धावतच. तिच्यामागे दुसरा बाप उठला, मग तिसरा, आणि बघता बघता आपापल्या पोरींना पुढे घालून सगळे बाप रांगेत उभे राहिले. निनाद सर चष्मा काढून बघतच राहिले. "पुढची कार्यशाळा याच हॉलमध्ये," ते म्हणाले, "आणि खुर्च्या वाढवाव्या लागतील."

रंजिताचं तिकडे लक्षच नव्हतं. इतकी वर्षं तिने मुलींना बोलावलं होतं, त्यांच्या बापांना कधीच नाही. मंचावर, सगळ्यांसमोर, माइक हातात धरून ती खुशाल रडली आणि तिने ते लपवलंही नाही.